गवतावर चाळीस मिनिटं

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे 41 वर्षांचे, मूळचे कोल्हापूरचे, गेली 16 वर्षं अमेरिकेत. डेट्रॉइटच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. ग्रीन कार्ड अजून रांगेत. एमएस केलं ते दुसऱ्याच विद्यापीठातून, पण घर मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर या गावापासून अर्ध्या तासावर. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी शेजारी त्यांना मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला घेऊन गेला आणि ते त्याच्या टोळक्यातलेच झाले. सामन्याच्या दिवशी पहाटे स्टेडियमजवळ गाड्या लावायच्या, डिकीमागे शेगडी, खुर्च्या, पत्ते मांडायचे आणि सामना सुरू होईपर्यंत तिथेच बसायचं. याला तिकडे टेलगेट म्हणतात. शिवाय फोनवर एक ग्रुप आहे, तो बाराही महिने चालू.

ते लिहितात, "खेळ मला अजून निम्माच कळतो. ग्रुपवरही खेळाचं बोलणं दहातलं एक. बाकी सगळं मांस धुरावर कसं शिजवायचं, अंगणातलं गवत पिवळं का पडलं, कुणाच्या कुत्र्याचा पाय, कुणाचा गुडघा, छपराची गळती, पोरांच्या कॉलेजची फी. मी त्यासाठीच जातो. मी बीफ खात नाही, तरी रात्रभर ब्रिस्केटच्या धुराड्याशेजारी बसतो आणि सकाळी 'आत्ताच खाल्लं' म्हणतो." ऑफिसातल्या, मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांना हसतहसत 'वॉलमार्ट वुल्व्हरीन' म्हटलं. वुल्व्हरीन हे मिशिगनच्या संघाचं टोपणनाव, म्हणजे विद्यापीठाची पायरी न चढता दुकानातून टीशर्ट घेऊन झालेला चाहता. ते त्यांना लागलं.

घरीही कुरबुर आहे. 2024 साली गणेश चतुर्थी शनिवारी आली आणि नेमका त्याच दिवशी टेक्ससचा संघ ॲन आर्बरला. यांनी पहाटेच प्रतिष्ठापना उरकली आणि निघाले. तेव्हा वडील आलेले होते. कोल्हापुरात त्यांची हयात एका तालमीच्या फुटबॉल संघापायी गेली, तेच म्हणाले, "ज्या कालेजाची पायरी चढला न्हाईस, त्येच्या पोरांच्या खेळापायी गणपती सोडून निघालास व्हय रं?" पत्नीचं म्हणणं वेगळं: "त्यांच्याशी तू गवतावर चाळीस मिनिटं बोलतोस." पत्रात शेवटाकडे एक वाक्य असंही आहे की गेल्या हिवाळ्यात त्यांच्या विभागात माणसं कमी करायचं चाललं होतं, ते त्यांनी आधी ग्रुपवर लिहिलं. घरी दहा दिवसांनी सांगितलं.

प्रश्न तीन. मी खोटा चाहता आहे का? फुटबॉल वजा केलं तर ही माणसं माझी उरतील का? आणि तिथलं मराठी मंडळ की मॅच, यातलं एक सोडावं का?

* * *

तुमच्या वडिलांपासून सुरुवात करते. पुढच्या फोनवर त्यांना एवढंच विचारा, की बाबा, तुम्ही तालमीकडून किती सामने खेळलात? उत्तर मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्यासाठी शाहू स्टेडियमवर घसा फोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांचा टीशर्ट अंगात घालून एकदाही चेंडू मारलेला नसतो. पेठेत जन्मले, वाढले किंवा लग्न करून आले, एवढीच त्यांची पात्रता. (तुमच्या वडिलांची तालीम कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाहीत, तेच बरं. नाव छापलं असतं तर उरलेल्या पेठांची पत्रं मला आली असती.) कोल्हापुरात माणूस संघ निवडत नाही. गल्ली जी असेल, तो संघ.

ॲन आर्बरचंही तसंच आहे. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. त्या गावात 1927 साली बांधलेलं स्टेडियम, त्याची आजची आसनक्षमता 1,07,601. ते भरतं आणि वर्षानुवर्षं भरत आलं आहे. एवढी सगळी माणसं त्या विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली असतात, असं तुमच्या सहकाऱ्यालाही वाटत नसणार. आजोबा कारखान्यात होते, पणजी त्या गावात शिवणकाम करायची, शेजारी तिकीट घेऊन आला, अशाच वाटांनी लोक तिथे पोचतात. तुमची वाट तिसरी. 'वॉलमार्ट वुल्व्हरीन' हा टोमणा खास शेजारधर्मातून जन्मलेला आहे, कारण मिशिगन आणि मिशिगन स्टेट ही दोन विद्यापीठं एकाच राज्यातली आणि एकमेकांवर डोळा ठेवून असलेली. कोल्हापूरच्या माणसाला एका पेठेने दुसऱ्या पेठेला मारलेल्या टोमण्याने इतकं घायाळ व्हायचं कारण नाही. तुम्ही त्याला फक्त एवढं म्हणा, की टीशर्ट सेलमध्ये घेतला होता.

तेव्हा पहिला प्रश्न माझ्या लेखी संपला. खेळ निम्मा कळणारे स्टेडियमात निम्म्याहून जास्त असतात, असा माझा अंदाज. मला स्वतःला साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास का चालतो, तेच पुष्कळ वर्षं उमगलं नव्हतं. चाल काही सेकंदांत आटोपते, मग दोन्ही संघ पुन्हा मांडामांड करतात आणि त्यासाठी चाळीस सेकंदांचं घड्याळ लावलेलं असतं. मध्ये जाहिराती, मध्ये मध्यंतर, बँड. इतक्या फटी असलेला खेळ गप्पांसाठीच केलेला वाटतो. बाजूच्या माणसाला "गुडघा कसा आहे?" विचारायला चाळीस सेकंद पुरतात. उत्तर पुढच्या फटीत.

आता दुसरा प्रश्न. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

तुम्ही ग्रुपवरच्या विषयांची यादी दिली आहे. तुमच्या स्वरात थोडी लाज आहे, जणू हे सगळं फुटबॉलच्या नावाखाली चोरून आणलेलं सामान आहे. मला ती यादी वाचून उलटंच वाटलं. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गवताचं बी टाकायचं, त्याआधी जमिनीला भोकं पाडून हवा द्यायची, वसंतात माती जरा उबदार झाली की रानगवत उगवण्याआधीच औषध मारायचं: हे मिशिगनच्या मातीचं पंचांग आहे. ते पुस्तकात सापडतं, पण कळतं शेजाऱ्याकडूनच. 15 नोव्हेंबरला तिथे बंदुकीने हरणाची शिकार खुली होते. दरवर्षी हीच तारीख, वार कुठलाही असो. त्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर फुटबॉल बाजूला पडत असणार आणि नारिंगी जॅकेटातले फोटो येत असणार. कोण उत्तरेला कुणाच्या लाकडी घरात जाणार, कुणाच्या फ्रीजरमध्ये जागा आहे, बर्फ काढायचं यंत्र सुरू होईना तर कार्ब्युरेटर कसा साफ करायचा. सोळा वर्षांत तुम्ही त्या प्रदेशाचे कागदोपत्री अजून झालेला नसाल, पण झालात ते या बोलण्यातून. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना माणूस जातो तेव्हा फडात नजर असते आणि तोंडात उसाचा दर, बैलाची किंमत, अमक्याच्या पोरीचं स्थळ. कुणी त्याला "तू खोटा कुस्तीशौकीन" म्हणत नाही. कुस्ती नसती तर ती माणसं त्या बांधावर एकत्र बसलीच नसती, एवढं खरं.

आणि त्या निमित्ताने बसलेल्या गर्दीला खेळापलीकडचं काय सुचू शकतं, याचं एक उदाहरण तुमच्या मिडवेस्टातलंच. आयोवा सिटीत आयोवा विद्यापीठाच्या स्टेडियमला खेटून मुलांचं रुग्णालय आहे. 2017 पासून तिथे पहिला चतुर्थांश संपला की सगळं स्टेडियम खेळाकडे पाठ करून रुग्णालयाच्या इमारतीकडे वळतं आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतं. पाहुण्या संघाचे खेळाडू, पंचसुद्धा. नियमपुस्तकात याचा उल्लेख नाही. कुणाला तरी ती खिडकी दिसली, कुणी तरी बोललं.

खेळाशिवाय दुसरं काही उरलं नाही की काय होतं, त्याचीही गोष्ट आहे. अलाबामा राज्यातल्या ऑबर्न गावात चौकातल्या दोन जुन्या ओक झाडांवर तिथल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की लोक टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या उधळायचे. त्याच राज्यातल्या अलाबामा विद्यापीठाविरुद्धच्या 2010 च्या सामन्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांत विष घातलं आणि काही आठवड्यांनी स्वतःच रेडिओवर फोन करून ते सांगितलं. 2013 च्या एप्रिलमध्ये झाडं काढावी लागली. हे वाचल्यापासून, एखादा क्रीडाप्रेमी गवताबद्दल चाळीस मिनिटं बोलू शकतो असं कळलं, की मला हायसं वाटतं.

पण तुमचा प्रश्न होता, की फुटबॉल वजा केलं तर ही माणसं उरतील का. तो तुम्ही उलट्या टोकाने धरला आहे असं मला वाटतं. फेब्रुवारीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तिथे सामनेच नसतात. म्हणजे सहा वर्षं दरवर्षी अर्धं वर्ष फुटबॉल वजाच आहे आणि ग्रुप चालू आहे. ती परीक्षा त्यांनी कधीच दिली. त्यांनी तुम्हाला गुडघे दाखवले, कर्जं सांगितली, मेलेल्या कुत्र्यांसाठी रडले. राहिलेत ते तुम्ही. सहा वर्षं ज्या माणसांबरोबर रात्री जागवल्यात, त्यांना तुम्ही बीफ खात नाही हे अजून माहीत नाही!

ती रात्र मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ब्रिस्केट म्हणजे छातीकडचा चिवट तुकडा. मंद आचेवर, धुरात, बारा-चौदा तास. मध्यरात्रीनंतर कधी तरी मांसाचं तापमान चढायचं थांबतं आणि तासन् तास तिथेच अडतं, कारण पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि जेवढी उष्णता मिळते तेवढीच निघून जाते. नवखा माणूस घाबरून आच वाढवतो. जाणते खुर्ची ओढून बसतात. खऱ्या गप्पा याच तासांत होत असणार. माणसं समोरासमोर न बसता शेजारी शेजारी, विस्तवाकडे बघत बोलतात तेव्हा जे बोललं जातं, ते जेवणाच्या टेबलावर निघत नाही. आपल्याकडे हुरड्याच्या शेकोटीभोवती हेच व्हायचं. आणि अशा रात्रीनंतर सकाळी तुम्ही पोटावर हात फिरवून "आत्ताच खाल्लं" म्हणता.

सांगून टाका. त्यासाठी भाषण नको, भारतीय संस्कृतीचा परिचय नको, समोशांचा ट्रे तर अजिबात नको. शेगडीच्या कडेला जागा मागा आणि दोन कोंबड्या ठेवा. मसाला तुमच्या घरचा. धुरात कोंबडी चार तासांत होते, म्हणजे तुम्हाला पहाटे तीनला उठून ती लावावी लागेल आणि तेव्हा कुणी तरी जागं असेलच. "मी ते खात नाही" हे वाक्य त्या वेळी अगदी सहज निघेल. कुणी तरी विचारेल, "मग सहा वर्षं?" आणि पुढची दोन वर्षं तुमची त्यावरून थट्टा होईल. ती होऊ द्या. थट्टेचा विषय असणं ही त्या टोळक्यातली कायमची जागा असते. पाहुण्याची कुणी थट्टा करत नाही.

आणखी एक. तुम्ही पत्ते मांडतात म्हणालात. मिशिगन म्हणजे तो खेळ बहुधा यूकर असणार. चार जण, समोरासमोर जोड्या, नवव्यापासून एक्क्यापर्यंत 24 पानं, हुकूम ठरवायचा, हुकमाचा गुलाम सगळ्यांच्या वर आणि त्याच रंगाचा दुसरा गुलाम त्याच्या खालोखाल. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे शिकायला एक दुपार पुरेल. फुटबॉल निम्मा कळतो तर राहू द्या निम्मा. पत्त्यांत पूर्ण उतरा.

आता ते वाक्य. नोकरीचं.

पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे, पण माझ्या मते बाकी सगळं पत्र त्याच्याभोवती लिहिलेलं आहे. विभागात माणसं कमी करणार ही बातमी तुम्ही आधी ग्रुपवर सांगितलीत आणि दहा दिवस घरी सांगितली नाहीत. असं का झालं, यावर मी बराच विचार केला. तुम्हाला बायकोपेक्षा ते जवळचे वाटतात म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. डेट्रॉइटच्या माणसांना नोकरी जाण्याची बोली येते. 2009 मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्हींनी दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हाच्या आठवणी तुमच्या टोळक्यात प्रत्येकाच्या घरी असतील. "हो, मलाही काढलं होतं, आठ महिने घरी होतो, छप्पर दुरुस्त केलं," असं कुणी तरी लिहिलं असेल. तुम्हाला बरं वाटलं असेल.

पण त्यांना साठ दिवसांचा हिशेब ठाऊक नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, की साधारण साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाही तर दुसरी काही सोय लावायची, नाही तर निघायचं. रांगेतलं ग्रीन कार्ड, घराचं कर्ज, मुलांची शाळा, सगळं त्या साठ दिवसांवर येऊन उभं राहतं. तुमच्या शेजाऱ्याला नोकरी जाणं म्हणजे छप्पर दुरुस्त करायला मिळालेले आठ महिने. तुमच्या बायकोला ते म्हणजे काय, हे तुम्ही न सांगता तिला कळतं. म्हणून तिला सांगणं जड गेलं. ज्याला पूर्ण अर्थ कळणार नाही, त्याच्यापाशी बोलून तुम्ही हलके झालात. यात गुन्हा नाही, माणसं असंच करतात. मात्र तिला नंतर कळलं असणार की आठ परक्या घरांना हे आधी माहीत होतं, आणि दहा दिवस ती बाजारात, मंडळात, शाळेच्या दारात त्यांच्यातल्या कुणाच्या बायकोला हसून हात करत होती.

तेव्हा "गवतावर चाळीस मिनिटं बोलतोस" या वाक्यात तिचा गवतावर राग नाही. फुटबॉलवरही मला दिसत नाही. तिला त्या शेकोटीजवळची तुमची दुसरी आवृत्ती ऐकू येते, निवांत, कुठल्याही विषयावर बोलणारी, आणि घरी तुम्ही फक्त कामापुरतं बोलता. शनिवार सोडलात तर हे सुटणार नाही. रिकामा शनिवार तुम्ही फोन बघत काढाल आणि दोघंही चिडलेले असाल.

मी काय करेन सांगते. त्या दहा दिवसांबद्दल तिच्याशी बोला, अजून बोलला नसलात तर. "मी घाबरलो होतो आणि तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," इतकंही पुरे. समोर बसवून बोलू नका. तुम्हाला शेजारी बसून बोलता येतं हे सहा वर्षांत सिद्ध झालं आहे, तर तसंच करा. गाडीत बोला, बागेत वाफा करताना बोला, पोळ्या लाटताना बोला. आणि यापुढे मोठी बातमी ग्रुपवर जायच्या आधी घरात, हा नियम करा. लहान बातम्यांना तो लावायची गरज नाही. गटार तुंबलं तर खुशाल आधी तिकडे सांगा, उपायही तिथूनच येईल.

तिला टेलगेटला न्यायचं का? विचारा एकदा, पण नाही म्हणाली तर खरंच नाही समजा. प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून केलीच पाहिजे, ही अपेक्षा आपण कुठून आणली कोण जाणे. आपल्या आज्यांना ती नव्हती आणि त्यांचं काही अडलं नाही. तिच्याही कुठे तरी चाळीस मिनिटांच्या जागा असतील. त्या कुठल्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तरी नाहीत. तुमचे शनिवार ठरलेले, तर तिचा एक वार ठरलेला असावा, त्या दिवशी मुलं आणि स्वयंपाक तुमच्याकडे. नोव्हेंबर संपला तरी हे चालू राहिलं पाहिजे, नाही तर ती फक्त हंगामापुरती लाच होईल.

तिसरा प्रश्न त्या मानाने सोपा, कॅलेंडरचा. संघाचे हंगामात साधारण बारा सामने, त्यातले घरच्या मैदानावर सहा-सात किंवा आठ. एक-दोन शनिवार संघ मोकळाही असतो. तारखा कितीतरी आधी जाहीर होतात. वेळ मात्र पुष्कळ सामन्यांची दहा-बारा दिवस आधी कळते, दुपारी बारा की साडेतीन की रात्री, त्यामुळे "सकाळी मंडळ, दुपारी मॅच" असे बेत जुलैत करू नका, ते मोडतात. जुलैत एवढंच करा: मंडळाच्या गणपतीचा शनिवार कार्यकारिणीतल्या कुणाला तरी विचारून घ्या (शाळेचं सभागृह त्यांनी तोवर ठरवलेलं असतं), बायकोबरोबर बसून घरच्या सामन्यांतले चार निवडा आणि उरलेल्यांची तिकिटं सोडून द्या. शेजारच्या ओहायो राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी होणारा सामना तुम्ही सोडणार नाही, मी सोडा असं म्हणतही नाही. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो, तेव्हा आपला सण नसतो. त्या दोन राज्यांचं भांडण फुटबॉलच्याही आधीचं, 1835 सालच्या टोलेडोच्या सीमावादापासूनचं. कोल्हापूरच्या माणसाला सीमावाद समजावून सांगायला नको.

चतुर्थीच्या दिवशी मात्र घरी. इथे मी दोन्ही बाजू तोलत बसणार नाही. पहाटे उरकलेल्या प्रतिष्ठापनेची आठवण तुमच्या घरात अजून आहे, आणि ज्याच्यासाठी ती उरकली तो सामना टेक्ससने 31–12 असा जिंकला. गणपतीही घाईत गेला आणि सामनाही.

याच धर्तीची पत्रं मला ओहायोतल्या कोलंबसहून आणि टेक्ससमधूनही येतात, कुणी नुकते शिकायला गेलेले, कुणी तिथे जन्मलेल्या मुलांचे आईवडील. त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी इथेच जोडते. खेळ समजल्यावर जाऊ, असं म्हणत थांबू नका. प्रश्न विचारणारा नवखा माणूस या लोकांना फार आवडतो, त्यांना समजावून सांगायचं असतं. पहिल्या खेपेला बर्फाची पिशवी आणि कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जा. त्या नेहमी कमी पडतात आणि आणणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. स्टेडियमचं तिकीट महाग असेल तर फक्त बाहेरच्या मैदानात जा. कित्येक जण आत जातच नाहीत, गाडीमागे टीव्ही लावून बसतात. राजकारण निघालं तर शेगडीकडे बघायला उठा. आणि टोळक्याचा रोजचा विषय नेमका कुठला आहे, याकडे लक्ष ठेवा. गवत, कुत्रे, गुडघे असेल तर बसा. मिशिगनमध्ये 2021 पासून फोनवरून सट्टा कायदेशीर आहे. ज्या ग्रुपवर दर चालीला पैज लागते आणि हरलेला माणूस रात्री एक वाजता "अजून एकदा" लिहितो, तिथून उठा. आमचं वाचकमंडळ पोळलेलं आहे यात.

राहता राहिले वडील. पुढच्या खेपेला ते सप्टेंबर-ऑक्टोबरात येणार असतील, तर त्यांना त्या मैदानात न्या. स्टेडियमात नको, तिथे साडेतीन तास त्यांना बसवणार नाही आणि खेळाला ते फुटबॉल म्हणणारही नाहीत, कारण चेंडू हातात धरून पळतात. सकाळी सातच्या सुमाराला न्या, धूर निघत असतो तेव्हा. घडीची खुर्ची द्या, कानटोपी आठवणीने घ्या. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा, की हे पन्नास वर्षं एकाच संघामागे आहेत आणि तो संघ त्यांच्या गल्लीचा आहे. त्या दोघांत दुभाष्या लागेल, तो तुम्ही व्हा. पहिल्या पंधरा मिनिटांत तुमचे वडील विचारतील, की ह्यात विरुद्ध पेठ कुठली.